बिनगेरूचं घर

केळगव्हाणात पोलीस पाटलाचं घर विचारलं तर कुणीही सांगतं, "सरळ जा, ज्या घराला गेरू न्हाई त्ये." बाकीच्या घरांना सणावाराला खालून वीतभर गेरूचा पट्टा चढतो, तुळशीच्या ओट्याला गेरू, चुलीच्या भानुशीला गेरू. धुरपताबाईच्या घराला नुसता चुना. तिची सासू जिवंत होती तोवर म्हणायची, "सवाष्णीच्या दारात रांडाव तुळस कुनी बगितली का गं?" धुरपताबाई चुन्याचं बोट फिरवून आत निघून जाई. गावात नव्या आलेल्या सुनांना वाटतं, बाई चिक्कू असेल. जुन्या बायका त्यांना खरं सांगत नाहीत, कारण खरं सांगायचं तर आपापल्या नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं.

पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी धुरपताबाईच्या गेरूची गावात ख्याती होती. मानवतच्या बाजारातून ती ढेकळं आणायची, रात्रभर भिजत घालायची आणि कालवताना त्यात बाभळीचा डिंक घालायची. इतरांचा गेरू मृगाच्या सरीत वाहून जायचा, हिचा पोळ्यापर्यंत टिकायचा. लग्नघरची बोलावणी यायची. "पाटलीनबाई, तुमी याच. तुमच्या हातचा गेरू पाऊस धूत न्हाई." तिला त्याचं कौतुक वाटायचं. बाईला कौतुक वाटावं अशा गोष्टी घरात किती असतात?

अठ्ठ्याहत्तर सालचा आखाड. मुंबईत ठराव झाला, औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. रेडिओवर बातमी आली आणि केळगव्हाण तापलं. ज्या गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती, ज्या गावातल्या कुणीही विद्यापीठाचं दार बघितलं नव्हतं, त्या गावाची त्या नावावरून इज्जत जायला लागली. पारावर बसून तंबाखू मळणारी माणसं विद्यापीठाची मालक झाली. धुरपताबाईचा दीर चंद्रभान चौथीत तीनदा बसलेला, तो सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा. आजूबाजूच्या गावांतून रोज काहीतरी कानावर यायचं. कुठं विहिरीत घाण टाकली, कुठं कडबा पेटला, कुठं माणसं मारली.

मग सरकारला जाग आली. फौजदार जीप घेऊन केळगव्हाणात आला आणि पोलीस पाटील भगवानरावांच्या ओट्यावर शांतता कमिटी बसली. कमिटीत कोण? भगवानराव, चंद्रभान आणि भावकीतली चार डोकी. बौद्धवाड्यातून एक माणूस पाहिजे म्हणून कोतवाल मुंजाजीला बोलावलं होतं. तो ओट्याच्या खाली, पायरीशी उभा होता. कमिटी वर आणि शांतता खाली.

धुरपताबाई आत आखाड तळत होती. कढईतून पुऱ्या काढता काढता तिला सगळं ऐकू येत होतं. फौजदार पुण्याकडचा, वयानं कोवळा. त्याच्या बोलण्याला इस्त्री होती.

"माझ्याकडं एकच गाडी आहे," तो म्हणाला, "आणि गावं पुष्कळ. पोलीस पार्टी इथं आली तर संरक्षण कुठल्या घरांना द्यायचं ते चटकन कळलं पाहिजे. बौद्धवाड्याला लागून दुसऱ्यांचीही घरं आहेत, छपराला छप्पर टेकलेलं. तेव्हा पाटील, ज्यांना धोका आहे त्या घरांवर खूण करा."

"खून करा म्हनता?" चंद्रभाननं विचारलं.

ओटा हसला.

"खून नव्हे हो, खूण! ण. बाणातला ण."

"आमच्याकडं बानातबी न च आसतो, सायेब."

आता फौजदारही हसला. पायरीशी मुंजाजी हसला. मोठी माणसं हसली की त्याला हसावं लागायचं. आणि कढईपाशी धुरपताबाईलाही हसू आलं. गंमत होतीच तशी. ते हसू पुढं तिला आयुष्यभर तोंडात खडा आल्यासारखं लागलं, पण त्या दिवशी ती हसली.

"आगं," भगवानरावांनी आत हाक मारली, "गेरू हाय का कालवलेला?"

गेरू होताच. नागपंचमीसाठी भिजवून ठेवला होता. डिंक घालून तिनं तो घोटला आणि मागच्या दाराशी मुंजाजीच्या टमरेलात वरून ओतला. शिवायचं नाही म्हणून वरून. दोन थेंब त्याच्या पायावर पडले.

"पाटलीनबाई, कशापायी म्हनं ही खून?"

"सरकार राखन करनार हाय तुमची. ज्या घरावर गोल, त्या घराला पोलीस."

"चांगलंच हाय की मग," मुंजाजी म्हणाला. आणि त्यानं सगळ्यांत आधी स्वतःच्या दारावर बोटानं गोल काढला. घरात अंथरुणाला खिळलेली आई होती, पार्वतीबाई. पळता न येणाऱ्या माणसाला राखण आधी पाहिजे, असा त्याचा साधा हिशेब.

बौद्धवाड्यातल्या बायकांना वाटलं, हिवतापवाले आले. ते फवारणी करून गेले की दारावर असंच गेरूनं काहीबाही लिहून जायचे. मुंजाजीची बायको मनकर्णा नवऱ्याला म्हणाली, "भांडी बाहीर काढू का? का नुसतंच रंगवायलेत?"

ही गंमत बायनाबाईपर्यंत पोचली. बायनाबाई पाटलांच्याच भावकीतली विधवा. तिचं घर वाटणीत कडेला गेलेलं, बौद्धवाड्याला चिकटून. ती तावातावानं धुरपताबाईकडं आली.

"माज्या दारावर कामून न्हाई गं गोल?"

"त्ये तुमच्यासाठी न्हाई, काकू."

"कामून? मी काय मेले का? सरकारी पत्रे यायलेत म्हनं, गोलवाल्या घरांना. त्या लोकांना पत्रे आन पाटलाच्या काकूला काय, गवत?"

"आवं पत्रे न्हाईत. राखन हाय."

"सांग मला शानपन! सरकार फुकट कुनाची राखन करतंय गं? पत्रेच आसतेत." तिनं वाडग्यात उरलेल्या गेरूत पाचही बोटं बुडवली आणि हात तसाच वर धरून घरी गेली. दारावर गोल काढला. सरकारनं आपल्याला विसरू नये म्हणून चांगला परातीएवढा काढला. धुरपताबाईला परत हसू आलं.

दोन दिवसांनी जीप पुन्हा आली. शांततेसाठी दोन्हीकडची तरणी पोरं ठाण्यात नेऊन ठेवायची, असा वरून हुकूम होता. बौद्धवाड्यातली पोरं घरीच सापडली. गाडीत घालून नेली. गावातली एकही सापडली नाही, कारण भगवानरावांनी आदल्या सांजेलाच निरोप फिरवला होता. सगळी पाव्हण्यांकडं गेली होती. फौजदारानं विचारलं, "कुठं गेली हो सगळी?" भगवानराव म्हणाले, "लग्नाला." आखाडात लग्नं नसतात हे पुण्याकडच्या माणसालाही ठाऊक असणार. त्यानं मान हलवली. जीप गेली आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला गेलेली मंडळी परत आली.

त्या दिवशी दुपारी धुरपताबाईनं दिवे उजळायला काढले होते. दिव्याची अवस जवळ आली होती. समया राखेनं घासून तिनं रांगेत मांडल्या. कंदील भरावा म्हणून रॉकेलचा डबा उचलला तर तो हलका लागला. कालच रेशनचं आणून भरलेला डबा. तिनं हलवून बघितला. आतून आवाज आला नाही. आवाज आला तो बाहेरून, बौद्धवाड्याकडून. मग काळा धूर दिसला. गवताचा धूर पांढरा असतो, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही.

ती माजघरात धावली. भगवानराव तक्क्याला टेकून रेडिओ ऐकत होते. भजन लागलं होतं. तिला बघून त्यांनी आवाज थोडा वाढवला.

"आवं, पेटलंय तिकडं!"

"फौजदाराला निरोप धाडलाय."

"तुमी पोलीस पाटील न्हाई का? जावा की!"

"जमावाम्होरं एकला मानूस काय करनार? तू आत बस. दाराला कडी लाव."

तिनं कडी लावली. घरात घासलेले दिवे होते आणि वात लावायला थेंबभर तेल नव्हतं.

संध्याकाळच्या आत चंद्रभान जेवायला आला. तो भावाकडंच जेवायचा. मोरीत जाऊन हात धुतले, तोंड धुतलं, पाटावर बसला. धुरपताबाईनं ताट वाढलं. त्यानं भाकरी मोडली आणि रॉकेलचा वास पिठल्याच्या वासाच्या वर आला.

"लय वाईट झालं, वैनी," तो म्हणाला. खरंच त्याचा चेहरा पडला होता. "बायनाकाकूचं घर गेलं. चुकून."

"चुकून?"

"मंग? दारावर खून व्हती. खून बगून पोरं लावत गेली, ती काय मानसं बगतेत व्हय? त्या म्हातारीला कुनी सांगितलं व्हतं गोल काढायला? आपलं मानूस हाय. जिवाला लागलं बगा."

"बायनाकाकूचं चुकून गेलं," धुरपताबाई म्हणाली. "मंग बाकीची कशी गेली? बरूबर गेली?"

चंद्रभानचा घास हातात राहिला. "वैनी, तुमाला काय समजतंय त्यातलं?"

तिनं त्याच्या पुढचं ताट उचललं. घास हातात तसाच ठेवून तो बघत राहिला. ती मागं गोठ्यात गेली आणि ताटातलं सगळं म्हशीपुढं ओतलं. म्हशीनं मोडलेली भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं.

पोलीस पार्टी आली तेव्हा राखण करायला नुसत्या भिंती उरल्या होत्या. मुंजाजीच्या आईला ओढून बाहेर काढली होती, पण परभणीच्या वाटेवरच ती गेली. गावानं हळहळ केली ती बायनाबाईची. बाया तिच्याकडं पिठाची टोपली घेऊन गेल्या, बाप्ये कडबा देऊन आले. ज्यानं त्यानं हेच म्हटलं, "चुकून झालं हो, चुकून."  एका घराला चूक म्हणताना आपण बाकीच्या सगळ्या घरांचं काय म्हणतो, हे त्यांच्या जिभेला कळत नव्हतं. की कळत होतं?

चौकशीला मोठा साहेब येणार, असं कळलं आणि पाराचा आवाज बदलला. खुणा कुणी केल्या, हे साहेब विचारणार. गावानं उत्तर शोधलं. खुणा मुंजाजीनं केल्या. सगळ्यांनी बघितलंय. आतलाच माणूस फुटला, त्यानंच घरं दाखवली. फौजदारालाही उत्तर पटलं, कारण त्याला दुसरं परवडणारं नव्हतं. मुंजाजीला आईच्या राखेवरून उठवून ठाण्यात नेला.

मनकर्णा मागच्या भिंतीशी आली. डोळ्यांत पाणी नव्हतं. केसांत राख होती.

"पाटलीनबाई, टमरेल आमचं व्हतं. गेरू तुमचा. कुनाच्या सांगन्यावरून दिला त्येवढंच सायबाला सांगा."

"मी बाईमानूस. माजं कोन ऐकनार?"

"न्हाई सांगितलं तर माजा मानूस सोताच्या आईच्या खुनात जाईल." एवढं बोलून ती वळली. जाताना थांबली. "पायावर थेंब पडले व्हते त्येच्या. आजून निघाले न्हाईत. चांगला कालवता तुमी गेरू."

घरात भगवानरावांनी सगळं बसवून ठेवलं होतं. "तुला कुनी इचारनार न्हाई. इचारलंच तर म्हनायचं, आमच्या घरी गेरूच नव्हता. बास."

"आन मुंजाजी?"

"त्येचं बगता येईल."

"काय बगता येईल?"

"आगं, माजी पाटीलकी जाईल! चंद्रभान आत जाईल! घरातलं मानूस मोठं का त्यो?"

धुरपताबाईनं त्यांच्याकडं बघितलं. याच माणसाला तिनं वर्षानुवर्षं पहिली भाकरी वाढली, तव्यावरची. डाळ खारट झाली तर घर डोक्यावर घेणारा, अंगरख्याला डाग चालत नाही म्हणणारा. तिला त्यांची किळस आली. माणसाची येते तशी नाही, ताटात झुरळ निघावं तशी.

साहेब आला. ओट्यावर खुर्ची, बाजूला लिहिणारा कारकून, पलीकडं फौजदार, खाली गाव. भगवानरावांच्या घरात साहेबासमोर बाईनं यायची रीत नव्हती. चहा कोणीतरी आतून नेऊन द्यायचा. त्या दिवशी धुरपताबाई स्वतः चहा घेऊन बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट होता. ट्रे ठेवला आणि उभी राहिली.

"आत जा," भगवानराव दातांतून म्हणाले.

"सायेब, मला बोलायचं हाय. मुंजाजी कोतवालानं काई केलं न्हाई. खून ह्यांनी करायला लावली."

कारकुनाचं पेन थांबलं. ओट्यावरचा चहा थांबला. साहेबानं मान वर केली. "खून?"

फौजदार खुर्चीतून अर्धा उठला. "सर, बाईंना खूण म्हणायचं आहे. या भागात ण नाही. मार्क, सर, मार्क."

"न आन ण मला ठाव न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "मी शाळेत गेले न्हाई. या फौजदारानं करा म्हनून सांगितली. ह्यांनी करायला लावली. गेरू मी कालवला. मुंजाजीनं काढली. आन ह्यो चंद्रभान," तिनं पदराआडून बोट केलं, "ह्येनं ती बगून घरं पेटवली. माज्या डब्यातलं रॉकेल व्हतं. आता कोनतं आक्षर लिव्हायचं त्ये तुमी लिव्हा."

खाली गाव चिडीचूप. शांतता कमिटीला एवढी शांतता कधी जमली नव्हती.

साहेबानं फौजदाराकडं बघितलं. फौजदारानं पायाकडं. आता खूण कागदावर घ्यायची तर ती करा म्हणणारा हुकूमही कागदावर येणार, आणि हुकूम आला की तो फौजदाराच्या वर कुठपर्यंत जाईल, कोण सांगणार? साहेबाच्या चेहऱ्यावर हे सगळं एखाद्या मालगाडीसारखं सावकाश गेलं. मग तो गोड आवाजात म्हणाला, "बाई, जळालेल्या दारांवर खुणा कुठं दिसणार?"

"बायनाकाकूची चौकट आर्धीच जळालीय. हाय तिथं गोल. चला, दावते."

"पाऊस झालाय मध्ये. पुसला असेल."

"माजा गेरू पाऊस धूत न्हाई, सायेब. गावाला इचारा."

गावाला कुणी विचारलं नाही. साहेब चौकट बघायला गेला नाही. चहा मात्र प्याला. उठताना म्हणाला, "बाई भोळ्या आहेत. धक्का बसलाय त्यांना." जीपमध्ये बसता बसता फौजदार भगवानरावांना हळूच म्हणाला, "पाटील, घरातलं माणूस आवरा."

संध्याकाळी मुंजाजी सुटून आला. कुणाला न्याय सुचला म्हणून नाही. गावात खुणा नव्हत्याच, असं ठरलं. खूणच नाही तर ती करणारा कुठला? घरं बाहेरगावच्या जमावानं जाळली, जमाव अनोळखी होता, म्हातारी वयानं गेली. चंद्रभानकडं बोट दाखवलं ते बोटही नव्हतंच. एवढ्या सगळ्या 'नव्हतं'मधून एक माणूस जिवंत बाहेर पडला, तेवढंच.

सरकारी पत्रे आले. पहिले बायनाबाईला मिळाले. तिचं चुकून जळालं होतं ना. पत्र्यांवर पाऊस वाजला की ती म्हणायची, "म्या म्हनलं नव्हतं का, पत्रेच येनार म्हनून?"

शांतता राखल्याबद्दल भगवानरावांना पंधरा ऑगस्टला तालुक्याला बोलावून शाल दिली. ती घेऊन ते घरी आले आणि सासू औक्षणाचं ताट शोधायला लागली. धुरपताबाईनं सांगितलं, घरात दिवा लावायला तेल नाही. शाल खुंटीवर गेली आणि कसर लागून तिथंच संपली.

मुंजाजीनं कोतवालकी सोडली. बायकापोरांना घेऊन मानवतला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला. मनकर्णा पुन्हा मागच्या भिंतीशी आली नाही, आणि का यावं तिनं? धुरपताबाईनं तिची वाटही बघितली नाही. तिनं फक्त एक केलं. उरलेल्या गेरूची ढेकळं उकिरड्यावर टाकली, आणि परत घरात आणली नाहीत. चंद्रभानचं ताट तिनं त्यानंतर एकदाही वाढलं नाही. तो सासूच्या हातचं खायचा, सासू गेल्यावर वेगळा राहिला. भगवानरावांना ती वाढत राहिली. जाणार कुठं? पण पहिली भाकरी, तव्यावरची, म्हशीला जायची. त्यांना दुसरी.

अशी सोळा वर्षं गेली.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीच्या तोंडावर पुन्हा जीप आली. विद्यापीठाच्या अडलेल्या नावाचं काहीतरी ठरतंय म्हणून रेडिओ सांगत होता. आता घरात टीव्हीही होता, तोही सांगत होता. फौजदार नवा, पहिल्यापेक्षाही कोवळा. ओट्यावर पुन्हा शांतता कमिटी. भगवानराव पिकलेले, चंद्रभान आता सरपंच. पुन्हा तोच चहा, आणि फौजदारानं जणू आपल्यालाच सुचलंय अशा हौसेनं तेच सांगितलं, "धोका असलेल्या घरांना काहीतरी खूण करून ठेवू या. म्हणजे आमच्या पार्टीला सोपं."

भगवानरावांच्या तोंडातून सवयीनं निघालं, "आगं, गेरू हाय का घरात?"

बोलून झाल्यावर त्यांना काय बोललो ते कळलं.

धुरपताबाई तीळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती दारात आली. गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"गेरू न्हाई," ती म्हणाली. "रॉकेल हाय. देऊ का?"

नव्या फौजदारानं कप खाली ठेवला. "रॉकेल कशाला, आजी?"

ओट्यावर कुणी हसलं नाही. चंद्रभान उठून चपला शोधायला लागला.